कॅप्टनला झोपेतून कधी उठवायचं?

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार. मी मानेवाड्याचा, वय २४. मुंबईला एमएमडीत (सागरी परीक्षा घेणाऱ्या सरकारी खात्यात) ओरल पास झालो, सेकंड मेटचं सर्टिफिकेट हातात आहे आणि पुढच्या महिन्यात सिंगापूरला एका बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) थर्ड ऑफिसर म्हणून जॉइन होतोय. आठ ते बाराचा वॉच (ब्रिजवरून जहाज सांभाळायची पाळी) माझा असेल. नियम पाठ आहेत, पण खरं सांगतो, भीती वाटते. कॅडेट असताना ज्या जहाजावर होतो तिथला कॅप्टन रात्री फोन केला की ओरडायचा, "एवढंही जमत नाही तर पगार कशाचा घेता?" त्यामुळे थर्ड मेट (थर्ड ऑफिसर) फोन करायचाच नाही, एकटाच निभावून न्यायचा. रात्री लुकआउटच्या (बाहेर नजर ठेवणाऱ्या) एबीला, म्हणजे खलाशाला, खाली अ‍ॅलिवे (केबिनांमधला बोळ) पुसायला पाठवायचे. समोरचं जहाज वळत नसेल तर व्हीएचएफवर (रेडिओवर) बोलून मिटवायचे. मीही असंच करायचं का? नाही म्हटलं तर रिपोर्ट खराब होईल का? कॅप्टनला नेमकं कधी उठवायचं? आणि तलावापलीकडे पाणी न पाहिलेल्या नागपूरच्या पोराला हे जमेल का? आई म्हणते, "काहून जातो बाप्पा इतक्या दूर, बँकेची परीक्षा दे."
– आठ ते बारावाला, मानेवाडा

उत्तर

बँकेच्या परीक्षेचं आईशी तूच बोल, त्यात मी पडत नाही. बाकीच्या प्रश्नांत कॅप्टनला उठवण्याचा प्रश्न आधी घेतो, कारण उरलेले बरेचसे त्याच्याच पोटात आहेत.

आधी एक साधा हिशेब कर. तुझं जहाज १३ नॉटनं (तासाला १३ सागरी मैल) चाललंय, म्हणजे मिनिटाला साधारण ४०० मीटर. समोरून एक कंटेनर जहाज १७ नॉटनं येतंय. दोन्ही वेग मिळून ३० नॉट, म्हणजे मिनिटाला अर्धा सागरी मैल. रडारवर ते १२ मैलांवर दिसलं तेव्हा तुझ्या हातात २४ मिनिटं होती. "बघू, वळेल तो" म्हणत सहा मैलांपर्यंत थांबलास तर उरली १२. तीन मैलांवर छातीत धडधडायला लागल्यावर फोन उचललास तर सहा. आता कॅप्टनकडे बघ. तो गाढ झोपेत आहे. फोन वाजणार, त्याला जाग येणार, पँट चढवून, जिना चढून तो वर येणार, यात तीन-चार मिनिटं सहज जातात. उजेडातून आलेले डोळे अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. म्हणजे तू त्याला दिलीस दोन मिनिटं, तीही धड दिसत नसताना. तो ओरडणार नाही तर काय करणार? मी कॅप्टन असताना ओरडलोय, पण उठवल्याबद्दल नाही, उशिरा उठवल्याबद्दल.

तुझा तो जुना थर्ड मेट इथेच फसला. ओरडा बसतो म्हणून तो फोन लांबवायचा, लांबवल्यामुळे फोन करायची वेळ येई तेव्हा परिस्थिती हाताबाहेर गेलेली असायची, आणि मग ओरडा आणखी जोरात. कॅप्टनला तू तेव्हा उठव जेव्हा तुला त्याची गरज अजून नक्की नाही. गरज नक्की झाली की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

कधी उठवायचं याची यादी एसटीसीडब्ल्यू संहितेत (प्रशिक्षण आणि वॉचच्या आंतरराष्ट्रीय नियमांत) आहेच, तू ओरलला म्हणून दाखवली असशील: दृश्यता कमी झाली, रहदारीची काळजी वाटली, कोर्स धरून ठेवता येईना, जमीन किंवा बोया अपेक्षित वेळी दिसला नाही, किंवा अपेक्षा नसताना दिसला, खोली अचानक बदलली, इंजिन किंवा सुकाणू बिघडलं, हवा बिघडली. आणि शेवटी एक कलम आहे, कसलीही शंका आली तर. पोरं वरची कलमं घोकतात आणि हे शेवटचं गाळतात. माझ्या मते बाकी यादी विसरलास तरी चालेल, हे एक विसरू नकोस. शंकेला पुरावा लागत नाही. "सर, मला हे नीट कळत नाहीये, वर याल का?" एवढं वाक्य पुरेसं आहे. त्याशिवाय प्रत्येक कॅप्टनच्या स्टँडिंग ऑर्डर्स (कायमच्या लेखी सूचना) असतात, त्यात सीपीएचा (दुसरं जहाज कमीत कमी किती अंतरावरून जाईल त्याचा) आकडा असतो, भर समुद्रात बहुधा २ मैल. जॉइन झाल्या दिवशी त्या वाच, सही कर, आणि जे वाक्य कळलं नाही ते त्याला तिथेच, दिवसाउजेडी विचार. रात्रीच्या फोनची निम्मी भीती या एका भेटीत जाते. तो माणूस कसा बोलतो, काय विचारतो, हे तुला आधी कळलेलं असतं.

फोनवर काय बोलायचं तेही ठरवून ठेव. "सर, समोर एक जहाज आहे" असं म्हणून गप्प बसलास तर झोपेतल्या माणसाला काहीच कळत नाही आणि तो चिडतो. कोण बोलतोय, काय दिसतंय, किती दूर, बेअरिंग (त्याची दिशा) बदलतंय का, सीपीए किती, तू काय करतोयस आणि त्याच्याकडून काय हवंय, या क्रमानं बोल. "सर, ब्रिजवरून थर्ड मेट. स्टारबोर्डला (उजवीकडे) ४० अंशांवर एक जहाज, नऊ मैल, बेअरिंग स्थिर, सीपीए दोन केबल (०.२ मैल). मी स्टारबोर्डला वळणार आहे, पण त्या बाजूला मासेमारी बोटी आहेत. कृपया वर या." बोलायचं इंग्रजीत आहे, कॅप्टन युक्रेनचा असेल नाहीतर फिलिपिन्सचा, म्हणून घरी आरशासमोर इंग्रजीत सराव कर. हसू नकोस. घाबरल्यावर तोंडातून तेच निघतं जे आधी जिभेवर बसलेलं असतं.

तुझ्याच वॉचमधली एक खरी गोष्ट सांगतो. रॉयल मॅजेस्टी नावाचं प्रवासी जहाज, जून १९९५, बर्म्युडाहून बोस्टनला निघालेलं. निघाल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची केबल सुटली. यंत्रानं मुकाट्यानं अंदाजी स्थान दाखवायला सुरुवात केली आणि ऑटोपायलट त्या अंदाजावर चालत राहिला. सुमारे ३४ तास. या अवधीत वॉच बदलत राहिले, प्रत्येकानं स्क्रीनवरचं स्थान चार्टवर (सागरी नकाशावर) उतरवलं, आणि कुणीही दुसऱ्या साधनानं ते पडताळलं नाही. १० जूनच्या रात्री आठ ते बाराच्या वॉचवर सेकंड ऑफिसर होता. एक ठरलेला बोया दिसायला हवा होता. तो दिसला नाही. कॅप्टननं विचारलं, बोया दिसला का? त्यानं सांगितलं, दिसला. खोटं बोलायचा त्याचा हेतू नव्हता, जीपीएस म्हणत होता की आपण मार्गावर आहोत, म्हणजे बोया तिथे असणारच, असं त्यानं धरून चाललं. रात्री साडेदहाच्या सुमारास जहाज नँटकेट बेटाजवळच्या उथळ वाळूवर चढलं, ठरलेल्या मार्गापासून १७ मैल दूर. "बोया दिसला नाही" एवढे तीन शब्द बोलला असता तर कॅप्टन वर आला असता. अपेक्षित खूण न दिसणं हे यादीतलं कलम उगाच नाही.

म्हणून जमीन दिसत असेल तेव्हा रडारनं अंतर घे, डोळ्यानं बेअरिंग घे आणि जीपीएसला विचार, तुझं माझं जमतंय का? आता तर याची गरज वाढली आहे. पूर्व भूमध्य समुद्र, काळा समुद्र, होर्मुझ या भागांत जीपीएसचे सिग्नल दाबले जातात किंवा खोटे पाठवले जातात. जहाज विमानतळाच्या धावपट्टीवर उभं असल्याचं स्क्रीन दाखवते. तिथे निदान खोटेपणा कळतो तरी. दोन मैलांचा खोटेपणा कळत नाही.

कॅप्टन वर आला म्हणजे तुझं काम संपलं असंही नाही. तो खिडकीपाशी उभा राहून कॉफी पीत असला तरी वॉच तुझाच आहे, जोवर तो स्पष्ट शब्दांत "मी घेतो" म्हणत नाही आणि तू "सर, तुम्ही घेतलंत" असं परत म्हणत नाहीस. नंतर लॉगबुकात वेळेसह लिही. दोन माणसं ब्रिजवर, दोघांनाही वाटतंय दुसरा बघतोय, या अवस्थेत कितीतरी जहाजं गेली. बंदराचा पायलट (स्थानिक वाटाड्या) वर असतानाही हेच. पायलट सल्ला देतो, मार्ग दाखवतो, पण स्थान तपासणं, त्याची ऑर्डर सुकाण्यावरच्या माणसानं बरोबर पाळली का ते बघणं तुझ्याकडेच.

आणि फोन केला म्हणून हात बांधून त्याची वाट बघत बसू नकोस. वेळ नसेल तर आधी वळ, मग फोन कर. तो अधिकार तुला नियमानंच दिलेला आहे. वळताना धीटपणे वळ. टक्कर टाळायच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम ८ काय म्हणतो ते तुला पाठ आहे, समोरच्याला डोळ्यानं आणि रडारवर चटकन कळेल इतकं मोठं वळण. नवीन पोरं ऑटोपायलटचं बटण पाच-पाच अंशांनी फिरवतात. समोरच्याला त्यातलं काही दिसत नाही, तो बिचारा तू सरळच येतोयस असं समजून भलतंच काही करतो. तीस अंश वळ, त्याला तुझा डावीकडचा लाल दिवा दिसू दे, प्रश्न मिटला. वळायच्या आधी मात्र दोन ठिकाणी बघ. एक, उजव्या बाजूला मागून कुणी ओव्हरटेक करत नाही ना. दोन, चार्टवर त्या बाजूला पाणी आहे ना. २०११ मध्ये स्कॉटलंडच्या साउंड ऑफ मलमध्ये सीएसएल टेम्स या जहाजाचा थर्ड ऑफिसर दुसऱ्या जहाजाला वाट द्यायला स्टारबोर्डला वळला, टक्कर टळली आणि जहाजाचा तळ घासला. एक्डिसला (स्क्रीनवरच्या इलेक्ट्रॉनिक चार्टला) उथळ पाणी कळलं होतं, पण त्याच्या अलार्मचा आवाजच चालू नव्हता.

इंजिनही वापर. जहाज पूर्ण वेगात असताना इंजिन कमी करायचं तर खाली इंजिनिअरला कळवावं लागतं, तो कुरकुरतो, म्हणून थर्ड मेट लोकांना टेलिग्राफला (इंजिनाचा वेग बदलायच्या दांड्याला) हात लावायचा संकोच वाटतो. कुरकुरू दे. नियमात वेग कमी करणं, थांबवणं, मागे घेणं हे सगळं लिहिलंय, इंजिनिअरची परवानगी कुठे लिहिलेली नाही.

आता व्हीएचएफ. याबाबत माझं मत कडक आहे आणि बऱ्याच चांगल्या कॅप्टनांचंही. टक्कर टाळायला व्हीएचएफवर गप्पा नकोत. अंधारात सहा दिवे दिसत असतात, तू हाक मारतोस, कुणीतरी "येस, ओके, ग्रीन टू ग्रीन" (एकमेकांच्या उजव्या बाजूनं जाऊ) म्हणतं, आणि तू ज्याला समजतोयस तो हा नसतोच. एआयएसमुळे (जहाजाची ओळख रेडिओवरून पाठवणाऱ्या यंत्रामुळे) नाव कळतं हे खरं, पण दोघांची इंग्रजी, दोघांचे उच्चार, आणि बोलण्यात गेलेली तीन मिनिटं? ३० नॉटच्या हिशेबानं तीन मिनिटं म्हणजे दीड मैल. वर, नियमांच्या उलट काही ठरवून बसलात तर तिसऱ्या जहाजाला त्याचा पत्ता नसतो. ब्रिटनच्या सागरी खात्यानं याविरुद्ध वारंवार बजावलंय. समोरच्याला जागं करायचं तर पाच छोटे भोंगे आहेत, दिव्याचे पाच झटपट झोत आहेत. भाषा लागत नाही.

तू स्टँड-ऑन असशील, म्हणजे कोर्स आणि वेग तसाच राखायचं बंधन तुझ्यावर, आणि समोरचा वळत नसेल, तेव्हाच खरी परीक्षा असते. नियम १७ तुला आधी न वळता तसंच जायला सांगतो, मग तो योग्य काही करत नाही असं दिसू लागलं की स्वतः वळायची मुभा देतो, आणि अगदी शेवटी वळायला भाग पाडतो. तुझं भरलेलं बल्क कॅरिअर आहे, सुकाणू फिरवल्यावर नाक हलायला वेळ लागतो. शेवटच्या टप्प्याची वाट बघू नकोस, मुभा मिळते तिथेच वळ, आणि पोर्टला (डावीकडे) असलेल्या जहाजासाठी पोर्टला वळू नकोस. ही मुभा सुरू होण्याच्या बरंच आधी कॅप्टन तुझ्या शेजारी उभा असला पाहिजे. धुक्यात मात्र हे स्टँड-ऑन प्रकरण विसर. एकमेकांना दिसत नसताना नियम १९ लागतो आणि त्यात स्टँड-ऑन कुणीच नाही. वेग कमी, भोंगा सुरू, जादा लुकआउट, हाती सुकाणू, आणि कॅप्टन वर.

लुकआउटच्या एबीला अ‍ॅलिवे पुसायला पाठवण्याबद्दल तू विचारलंस. नाही. रात्री नाही. अंधारात ऑफिसर एकटा लुकआउट असू शकत नाही, आणि लुकआउटला दुसरं काम देता येत नाही, हे संहितेत स्वच्छ लिहिलंय. पण तू नवा, चीफ मेट जुना, त्याला "नियमात बसत नाही" असं तोंडावर फेकलंस तर पुढचे सहा महिने अवघड जातील, हेही मला कळतं. म्हणून बोलायची पद्धत बदल. "सर, दिवसाच्या माझ्या वॉचमध्ये समुद्र मोकळा असेल आणि कॅप्टन हो म्हणाले तर घ्या ना. रात्री मला तो लागतो." बहुतेक चीफ मेट एवढ्यावर ऐकतात. नाही ऐकला तर कॅप्टनला विचारतो म्हण आणि खरंच विचार. ब्रिजच्या छताला मायक्रोफोन आहेत, व्हीडीआर (जहाजाचा ब्लॅक बॉक्स) सगळं साठवतो. अपघातानंतर चौकशीत पहिला प्रश्न असतो, लुकआउट कुठे होता? त्याचं उत्तर चीफ मेट देत नाही, ज्याचा वॉच तो देतो.

रिपोर्ट खराब होईल का? होऊ शकतो. लवकर फोन करणाऱ्याला कच्चा समजणारे कॅप्टन आहेत, नाहीत असं म्हणून मी तुला फसवणार नाही. पण ते कमी होताहेत, आणि वाईट रिपोर्टसकट दुसरी नोकरी मिळते, निलंबित सर्टिफिकेटसकट मिळत नाही. फारच झालं, म्हणजे कॅप्टन फोन करूच नको असं सांगू लागला, तर प्रत्येक कंपनीत किनाऱ्यावर एक डीपीए (जहाजाच्या सुरक्षेसाठी नेमलेला माणूस) असतो, त्याचा नंबर जहाजावर भिंतीला लावलेला असतो. ते पाऊल किरकोळ रागातून उचलू नकोस, पण ते आहे हे लक्षात असू दे.

एक्डिसबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणून थोडं. २०१३ च्या सप्टेंबरात ओव्हिट नावाचा केमिकल टँकर डोव्हरच्या सामुद्रधुनीत वार्न बँकवर चढला. पॅसेज प्लॅनच (प्रवासाचा मार्गच) त्या उथळ पट्ट्यावरून आखला होता, एका अननुभवी ज्युनिअर ऑफिसरनं, आणि तो कुणी तपासला नाही. सेफ्टी कंटूर (सुरक्षित खोलीची रेषा) चुकीचा लावलेला, अलार्मचा आवाज बंद. वॉचवरच्या ऑफिसरला जहाज रुतल्याचं कळायलाही बराच वेळ लागला, कारण स्क्रीनवर छोटं जहाज रेषेवर छान बसलेलं होतं. रेषेवर असणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. तुझ्या वॉचचा पट्टा तू स्वतः मोठ्या स्केलवर सरकवून बघ, सेफ्टी कंटूर तुझ्या ड्राफ्टला (जहाज पाण्यात किती खोल बुडतं त्याला) जुळतो का बघ. प्लॅन सेकंड मेटचा असला तरी त्यावरून जाणार तू आहेस.

मासेमारी बोटींशी तुझी गाठ बरीच पडणार, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तर नक्कीच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ऑगस्टपासून, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे, समुद्र बोटींनी भरतो. लाकडी बोट रडारवर धड दिसत नाही, एआयएस असेलच असं नाही, दिवे नियमाप्रमाणे असतील असं तर मुळीच नाही. बोटीवरचे झोपलेले असतील, जाळं मागे दूरवर पसरलेलं असेल. घोळक्यातून वाट काढायच्या फंदात पडू नकोस, घोळका १० मैलांवर दिसला की पूर्ण वळसा घाल आणि वळशाच्या आधी कॅप्टनला कळव. नागपूरचा असण्याबद्दल तू विचारलंस ना, त्याचं उत्तर इथेच आहे. रत्नागिरीचा किंवा दमणचा एबी तुझ्याबरोबर असला तर बोटीचा दिवा बघून तो सांगेल की जाळं कुठल्या बाजूला आहे. हे त्याच्या रक्तात आहे, तुझ्या नाही. मग विचार त्याला! ऑफिसर झालास म्हणून एबीला विचारायची लाज बाळगू नकोस. बाकी जहाजाला तुझं गाव कळत नाही. झिरो माईलच्या दगडापासून कुठल्याही दिशेला गेलास तरी समुद्र दूरच, तरी आपल्याकडची पोरं कॅप्टन झाली आहेत.

उलट एक गोष्ट नागपूरकराला चटकन समजते. समृद्धीवर रात्री गाडी चालवलीयस ना? सरळ रस्ता, एकसारखा वेग, वळण नाही, आणि तासाभरानं डोळे उघडे असून माणूस बघत नसतो. भर समुद्रातला रात्रीचा वॉच तसाच असतो. त्यासाठी ब्रिजवर बीएनडब्ल्यूएएस (वॉचवरचा माणूस जागा आहे का हे तपासणारा अलार्म) आहे, ठरावीक मिनिटांनी, ३ ते १२ च्या मधे जे लावलं असेल तसं, बटण दाबावं लागतं, नाहीतर तो आधी ब्रिजवर आणि मग कॅप्टनच्या केबिनमध्ये बोंब मारतो. काही जहाजांवर त्याची किल्ली फिरवून तो बंद ठेवतात, कटकट नको म्हणून. तुझ्या वॉचला तो चालू हवा. खुर्चीत रेलून बसू नकोस, विंगवर जा, वारा लागू दे, एबीशी बोल पण पाठ खिडकीकडे करून नको.

झोपेचा कायदा २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती मागतो, त्यातला एक तुकडा निदान सहा तासांचा. बंदरात माल चढवताना सहा-सहा तासांच्या पाळ्या, मधे इन्स्पेक्शन, मग लगेच निघणं, यात हे बसत नाही आणि विश्रांतीच्या तक्त्यात मात्र सगळं हिरवं असतं. तक्ता हिरवा केल्यानं झोप होत नाही. निघायच्या आधी डोळे मिटताहेत असं वाटलं तर चीफ मेटला सांग. वॉच तासभर उशिरा लावता येतो, चांगले कॅप्टन तो लावतात. आणि तुझ्यानंतर येणारा सेकंड मेट झोपेत किंवा पिऊन आलेला दिसला तर त्याच्या हातात वॉच देऊ नकोस, तिथेच कॅप्टनला बोलाव. अवघड आहे, पण संहितेनं हेही तुझ्यावरच टाकलंय. स्वतः मात्र १५ मिनिटं आधी वर जा, अंधारात उभा राहा, नाईट ऑर्डर्स (कॅप्टनच्या त्या रात्रीच्या सूचना) वाच, आणि वळण चालू असेल तर ते पूर्ण होईपर्यंत वॉच घेऊ नकोस.

सिंगापूरच्या नावानं धास्तावू नकोस. त्या सामुद्रधुनीत तुला एकट्याला कुणी सोडत नाही, कॅप्टन ब्रिजवरच असतो, सुकाण्यावर माणूस असतो. रात्री उभे तीन हिरवे दिवे दिसले की ते जहाज ट्रॅफिक लेन आडवी ओलांडतंय, एवढं डोक्यात ठेव. तिथे तुझं काम स्थान घेणं, व्हीटीएसचं (किनाऱ्यावरच्या जहाज वाहतूक नियंत्रणाचं) ऐकणं, जे दिसेल ते मोठ्यानं सांगणं. कॅप्टनलाही ते दिसलं असेल, तरी सांग.

राहिला मोबाईल. २०२० च्या जुलैत वाकाशिओ हे मोठं बल्क कॅरिअर मॉरिशसच्या प्रवाळावर चढलं. जहाज आधी किनाऱ्यापासून २२ मैलांवरून जाणार होतं, मार्ग बदलून पाच मैल केला, नंतर दोन मैल, मोबाईलची रेंज मिळावी म्हणून. चार्टही पुरेशा मोठ्या स्केलचा नव्हता. आता जहाजावर वायफाय असतं, रेंजसाठी किनारा गाठायला नको, पण फोन खिशात वाजतोच. वॉचला जाताना तो केबिनमध्ये ठेव.

याबाबत घरी आधीच बोलून जा. सिंगापूरची घड्याळं आपल्या अडीच तास पुढे. तुझा रात्रीचा आठ ते बारा म्हणजे मानेवाड्यात संध्याकाळी साडेपाच ते रात्री साडेनऊ, नेमकी आईची चहापासून जेवणापर्यंतची फुरसतीची वेळ, तेव्हाच ती फोन लावणार आणि तू उचलला नाहीस की रडणार. जहाज पश्चिमेला सरकलं की हा हिशेब बदलतो, म्हणून दर वेळी घड्याळ मागे घेतलं की नवी वेळ तिला मेसेजवर कळवत जा. वॉचनंतर एक ओळ टाक आणि झोप. गप्पा दुपारी, जेवण झाल्यावर.